माळ संपली तरी लगेच उठू नका

‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरी मंत्र समर्थ संप्रदायात आणि गोंदवलेकर महाराजांच्या (१८४५–१९१३) परंपरेत घरोघरी जपला जातो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना साधारण वीस मिनिटांची बैठक पुरते: आधी छोटी प्रार्थना, मग दोन माळा, शेवटी पाच मिनिटं नुसतं शांत बसणं. हा शेवटचा भागच बहुतेक जण गाळतात, आणि जपाची खरी गोडी तिथेच लागते.

जागा आणि वेळ रोज एकच ठेवा. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या, नाहीतर डुलक्या येतात. खाली घोंगडी किंवा सुती आसन घाला. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, फक्त पाठ ताठ हवी.

माळ १०८ मण्यांची आणि तिच्या टोकाशी मेरुमणी. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर माळ ठेवा आणि अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढा. तर्जनी लावायची नाही, असा प्रघात आहे. माळ छातीपाशी धरा, लोंबू देऊ नका. हात मांडीवर घसरत असेल तर गोमुखी (माळ आणि हात आत घालायची कापडी पिशवी) वापरा, तिच्यात हाताला आधार मिळतो. मेरूपाशी आलात की तो ओलांडायचा नाही; माळ उलटी फिरवून शेवटच्या मण्यापासून परत यायचं. मोजताना माळ शंभराचीच धरतात, वरचे आठ चुकले-माकले म्हणून सोडून देतात. मोजणीसाठी मोबाइल जवळ ठेवण्यापेक्षा पाटावर तांदळाचे दाणे ठेवून प्रत्येक माळेला एक सरकवा.

सुरुवातीची प्रार्थना दोन वाक्यांत आटपा. देवापुढे मागण्यांची यादी वाचली की पुढची माळभर तीच यादी डोक्यात घोळत राहते.

एका मंत्राला तीनेक सेकंद द्या, म्हणजे माळेला साडेपाच मिनिटं लागतात. पहिल्या काही दिवसांत वेग हमखास वाढतो. जीभ सरावते, मन पुढच्या कामात जातं आणि ‘जय जय राम’चं ‘जैजैराम’ होऊन बसतं. असं झालं की माळ पुढे न ढकलता दहा-बारा मंत्र मोठ्याने, सुटे म्हणा. मनातल्या मनात जपताना झोप येत असेल तर उपांशु जप करा: ओठ हलतात, पण शेजारच्याला ऐकू येत नाही. मानसिक जप ही पुढची पायरी आहे, ती घाईने गाठायची गरज नाही.

मन भरकटलं म्हणून माळ पहिल्यापासून धरू नका. हातात जो मणी आहे तिथूनच पुढे चला. सुरुवातीला परत गेलात तर चिडचिड वाढते, आणि महिन्याभरात माळ खुंटीवर लागते.

दुसरी माळ झाली की ती डोळ्यांना लावून खाली ठेवा आणि पाच मिनिटांचा टाइमर लावा. आता मंत्रही म्हणायचा नाही. तो आतून आपोआप चालू राहिला तर ऐकत राहा, थांबला तर थांबू द्या. श्वास मुद्दाम लांबवू नका. त्यामुळे काहींना गरगरतं. अस्वस्थ किंवा भीती वाटू लागली तर डोळे उघडा, समोरच्या समईवर नजर ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी हे शांत बसणं दोन मिनिटांवर आणा. रोजच तसं होत असेल तर ते काही दिवस थांबवून नुसता मोठ्याने जप करा, आणि तरीही कमी झालं नाही तर डॉक्टरांशी बोला.