घोरण्यासाठी डॉक्टरकडे जाताय? आधी एवढी तयारी करा

घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, म्हणजे स्लीप ॲप्निया, हे बऱ्याचदा छातीचे डॉक्टरच बघतात. पण अडचण अशी की त्यांच्यासमोर आपण जागे बसलेलो असतो आणि त्रास होतो झोपेत, त्यामुळे आपल्याला स्वतःला धड काहीच सांगता येत नाही. म्हणून शेजारी झोपणाऱ्या माणसालाच सोबत न्या. घोरणं मधेच एकदम बंद पडतं का, मग गुदमरल्यासारखा आवाज करून परत सुरू होतं का, हे तोच सांगणार. त्याला जमत नसेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवायला सांगा, पाठीवर झोपलेले असताना, छाती आणि पोट दिसेल असा. घसा बंद झाला तरी छाती-पोट हलत राहतं, फक्त हवा आत जात नाही, हे व्हिडिओत बरोबर दिसतं.

दिवसा किती झोप येते यासाठी एपवर्थ नावाची प्रश्नावली असते, 8 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 मार्क, बेरीज 10 च्या वर गेली की झोप जास्तच येतेय असं धरतात. खरं खरं भरा. "मी कुठेही बसल्या बसल्या झोपतो" हे लोक कौतुकाने सांगतात, पण तेच तर लक्षण आहे! गाडी चालवताना डुलकी लागत असेल तर तेही लपवू नका, आणि इलाज होईपर्यंत गाडी दुसऱ्याच्या हातात द्या.

रात्री सारखं लघवीला उठणं, सकाळी डोकं जड, बीपीच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, दारू, सगळं लिहून न्या. दम्याचा पंप घेत असाल तर फुफ्फुसं तपासायला नळीत फुंकायची जी टेस्ट असते तिच्याआधी तो किती तास बंद ठेवायचा ते फोन करून विचारा, आपल्या मनाने बंद नको. आणि पोटभर जेवून जाऊ नका, फार जोर लावून फुंकायला लावतात.

स्लीप स्टडीला, म्हणजे रात्रभर वायरी लावून झोप आणि श्वास मोजायच्या टेस्टला जाताना केस धुतलेले, तेल नाही, नेलपेंट नाही, दुपारनंतर चहा-कॉफी नाही. एवढ्या वायरी लावून झोप कशी लागणार असं वाटतं, पण बहुतेकांना कामापुरती लागते. घरी करायची टेस्ट सोपी असते खरी, पण त्यातल्या बऱ्याच मशीन झोप मोजतच नाहीत, तुम्ही जागे पडून असलात तरी तो वेळ हिशोबात धरतात, मग आकडा कमी येऊ शकतो. रिपोर्ट नॉर्मल आला आणि त्रास तसाच असेल तर लॅबमधल्या टेस्टबद्दल विचाराच.

रिपोर्टमध्ये एएचआय बघा. श्वास निदान 10 सेकंद थांबला किंवा खूप कमी झाला, असं तासाला किती वेळा झालं तो हा आकडा. मोठ्यांमध्ये 5 पासून सौम्य, 15 पासून मध्यम, 30 पासून तीव्र. पण तेवढ्यावर थांबू नका, ऑक्सिजन किती खाली गेला आणि किती वेळ खाली राहिला हेही विचारा.

सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, लिहून दिलं तर मास्क बसून ट्राय करू नका, मशीन चालू करून तिथेच आडवं व्हा, कूस बदला, बसून फिट वाटणारा मास्क झोपल्यावर हवा सोडतो.