कॅव्हेलियर रिंगमध्ये उतरवताय? या चुका टाळा

जजबाईंनी टेबलावरच्या मैनाचा, म्हणजे माझ्या कॅव्हेलियर कुत्रीचा, पुढचा पाय उचलला, पंजाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. "हे कुणी कापलं?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका गावच्या हॉलमधला तो कुत्र्यांचा छोटासा ओपन शो होता. आदल्या आठवड्यात मी मैनाला ग्रूमरकडे नेलं होतं. तिथे पंजे गोल करून मिळाले, कानांची टोकं एका रेषेत आली, पोटाखालची लांब केसांची झालर सरळ कापली गेली. मला ती इतकी देखणी वाटली होती की मी तिचे फोटो पुण्याला आईला पाठवले होते. त्या दिवशी आम्हाला काहीच मिळालं नाही. कानांची झालर पूर्वीसारखी व्हायला वर्षाहून जास्त काळ गेला.

त्यानंतर बरीच वर्षं मी रिंगच्या आत आणि बाहेर उभी आहे, अधूनमधून स्ट्युअर्ड म्हणून जजला मदतही करते. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल पहिल्यांदा दाखवायला आणणारी बहुतेक माणसं याच एका ठिकाणी ठेचकाळतात. कुत्र्यावर प्रेम कमी असतं म्हणून नव्हे. उलट, त्याला 'आणखी छान' करायच्या नादात ती त्याला बिघडवतात.

कात्री

कात्रीबद्दल एवढा कडकपणा का, ते या जातीच्या जन्मकथेतच आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाच्या मांडीवर आणि दरबारात जे छोटे स्पॅनियल असायचे, त्यांचं नाक चांगलं लांब होतं. जुन्या चित्रांत ते स्वच्छ दिसतं. व्हिक्टोरियन काळात चपट्या तोंडाची आणि घुमटासारख्या कपाळाची आवड वाढली, आणि लांब नाकाचे कुत्रे प्रदर्शनांतून जवळपास नाहीसे झाले. रॉसवेल एल्ड्रिज नावाचे अमेरिकन गृहस्थ इंग्लंडमध्ये असे जुन्या धाटणीचे कुत्रे शोधायला आले आणि त्यांना ते मिळेनात. १९२६ साली त्यांनी क्रफ्ट्स या इंग्लंडमधल्या मोठ्या श्वानप्रदर्शनात २५ पौंडांचं बक्षीस लावलं: जुन्या चित्रांतल्यासारखा, लांब तोंडाचा, सपाट कपाळाचा ब्लेनहाइम, म्हणजे पांढरा-तांबूस, स्पॅनियल आणून दाखवा.

१९२८ मध्ये क्रफ्ट्सच्या वेळीच पहिला क्लब स्थापन झाला. 'ॲन्स सन' नावाचा कुत्रा समोर ठेवून, शेजारी जुन्या चित्रांच्या प्रती मांडून जातीचं मानक, म्हणजे आदर्श कुत्रा कसा असावा याचं लेखी वर्णन, लिहिलं गेलं. तेव्हाच सगळ्यांनी मिळून ठरवलं की या कुत्र्याला फॅशनपासून जपायचं आणि त्याचे केस कापायचे नाहीत. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने १९४५ मध्ये याला वेगळी जात म्हणून मान्यता दिली. केसांना अजिबात कात्री लागलेली नसावी, असं मानक आजही सांगतं. अमेरिकन मानक तर म्हणतं की केस कापलेल्या कुत्र्याला इतकं खाली ढकला की तो स्पर्धेत उरलाच नाही असं समजा.

तेव्हा पायांवरची झालर, जिला इथे सगळे प्रेमाने 'स्लिपर्स' म्हणतात, ती तशीच राहू द्या. कापायचे असतील तर फक्त तळव्याखाली गाद्यांच्या मधले केस, कारण ते वाढले की हॉलच्या गुळगुळीत फरशीवर कुत्रा घसरतो.

मग केस नीट बसवायचे कसे? शनिवारी शो असेल तर आंघोळ गुरुवारी घाला. रेशमी केसांना बसायला एक-दोन दिवस लागतात. शोच्या पहाटे धुतलेला कॅव्हेलियर कापसासारखा फुलून येतो. केस ओलसर असतानाच विंचरून सपाट करा. वरून टॉवेल पाठीवर घालून पोटाखाली पिनांनी अडकवा आणि ड्रायरची मंद हवा केसांच्या दिशेने सोडा, उलट कधीच नाही. जेवताना कानांवर कापडी टोपरं चढवा, नाहीतर झालर रश्शात बुडते आणि मग कुत्रा ती चघळत बसतो. पांढऱ्या भागावर पावडर किंवा खडू वापरून तो तसाच ठेवणं हीही चूक आहे. केसांचा नैसर्गिक रंग, पोत किंवा फुगवटा बदलणारा कुठलाही पदार्थ शोच्या वेळी अंगावर असता कामा नये, असा केनेल क्लबचा नियम आहे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. एप्रिल आला की तिकडे शिह त्झू आणि पॉमेरेनियनबरोबर कॅव्हेलियरचाही सरसकट 'समर कट' होतो. घरगुती कुत्र्याचं मी समजू शकते. पण त्याला पुढे शोमध्ये न्यायचं असेल तर मशीन लावू नका. मशीनने उतरवलेले रेशमी केस बऱ्याचदा परतताना लोकरीसारखे भुरभुरीत येतात. गारव्यासाठी सकाळी लवकर फिरवणं, पंखा आणि ओला टॉवेल पुरतात. शिवाय रोज विंचरून आतले मेलेले केस काढले की अंगाला हवा लागते.

वजन

मानकात ५.४ ते ८.२ किलो म्हटलंय, आणि या मर्यादेच्या आत राहणारा लहानसा, प्रमाणबद्ध कुत्रा हवा असंही म्हटलंय. मी साडेनऊ-दहा किलोचे कॅव्हेलियर रिंगमध्ये पाहिलेत, आणि मालक म्हणतात, "हाडंच जाड आहेत." लांब केसांखाली चरबी दिसत नाही, पण जजचा हात बरगड्यांवर फिरतो तेव्हा कळते. ही जात खाण्याच्या बाबतीत कधीच नाही म्हणत नाही. रिंगमध्ये लक्ष वेधायला वापरलेलं चिकन, कलेजी, चीज त्या दिवशीच्या जेवणातून वजा करा. या जातीच्या हृदयाचं दुखणं पुढे सांगणार आहे. वाढलेल्या वजनाचा भार आधी त्या हृदयावरच येतो.

टेबल आणि चाल

टेबलावर आक्रसून बसणारं पिल्लू 'भित्र्या स्वभावाचं' आहे असं लोक पटकन ठरवतात. आधी वय बघा. चार ते सहा महिन्यांत दात बदलतात, हिरड्या हुळहुळतात आणि नेमके त्याच दिवसांत आपण रोज ओठ वर करून दात दाखवायचा सराव घेत असतो. पिल्लाच्या मनात टेबल म्हणजे दुखणं असं बसतं. ते आठवडे दातांना हात लावू नका. टेबलावर ठेवा, एक घास द्या, खाली उतरवा, बस्स. रिंगमध्ये जायला अजून वेळ असतो, त्यामुळे घाई कसलीच नाही. इथे गावोगावी संध्याकाळी रिंगक्राफ्टचे, म्हणजे शोच्या सरावाचे, वर्ग चालतात, तिथे चार अनोळखी माणसांचे हात अंगावरून फिरू द्या. टोपी घातलेला, चष्म्याचा, उंच, वास वेगळा येणारा, सगळ्या प्रकारची माणसं हवीत.

चालीची मुख्य चूक म्हणजे दोरी ताणून धरणं. मान वर खेचली की पुढचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, खांदे उघडत नाहीत आणि मागच्या पायांचा जो जोर मानकाला हवाय तो दिसतच नाही. अनेक जज सरळ सांगतात, "दोरी सैल करा आणि पुन्हा चालवा." सैल दोरीवर चालणं घरच्या अंगणात शिकवा, रिंगमध्ये ते शिकवता येत नाही.

दुसरी अडचण उंटाच्या चालीची. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे टाकत कुत्रा डुलत चालतो आणि मालकाला कळतही नाही, कारण त्याला वरून फक्त पाठ दिसते. कुणाला तरी बाजूने मोबाइलवर चित्रण करायला सांगा. कारण बहुतेक वेळा तुमचा वेग असतो: तुम्ही रमतगमत निघता, कुत्र्याला दुडकी धरायला जागा मिळत नाही. निघताना छोटं वर्तुळ घ्या, कुत्र्याला हलकासा इशारा देऊन वेग वाढवा, दुडकी लागली की मगच सरळ रेषेत जा. तरीही सुटत नसेल, किंवा मधूनच एक मागचा पाय उचलून तो तीन पायांवर उडी मारत असेल, तर ती शिकवणीची बाब नव्हे. गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष छोट्या जातींत नेहमी आढळतो. डॉक्टरकडून तपासून घ्या.

शेपटीबद्दल एवढंच: ती हलायला हवी. आनंदाने हलणारी शेपटी ही या जातीची खूण आहे. पण ती पाठीच्या फार वर झेंड्यासारखी उभी राहत असेल तर ती हाताने खाली दाबून धरू नका, जज ते पाहतो आणि कुत्राही गोंधळतो.

टेबलापलीकडच्या चुका

आता ज्यांना जज व्हायचंय किंवा जे रिंगबाहेर बसून निकालावर रागावतात त्यांच्यासाठी. मला सर्वांत जास्त खटकणारी चूक म्हणजे कुत्र्याचं फक्त डोकं पाहून निकाल देणं. कॅव्हेलियरचं तोंड गोड असतंच. मऊ नजर, लांब कान, डोळ्यांखाली भरलेले गाल. त्या नजरेत विरघळून चालीकडे दुर्लक्ष झालं की मागचे पाय एकमेकांना घासणारा कुत्रा पहिला येतो, आणि पुढच्या वर्षी त्याचीच पिल्लं रिंगमध्ये असतात.

त्यातही डोळ्यांची गल्लत धोक्याची आहे. मानकाला डोळा मोठा, गडद आणि गोल हवाय, पण बाहेर आलेला नको. भोवती पांढरं कडं दिसणं हा अमेरिकन मानकात लेखी दोष आहे. फोटोत 'मोठ्ठे डोळे' छान दिसतात, म्हणून जज मोठ्याहून मोठा डोळा उचलत गेला तर पैदास करणारेही तिकडेच वळतात. शंभर वर्षांपूर्वी नाकाचं जे झालं ते डोळ्यांचं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. नाकाचं मापही मानकात आहे: डोळ्यांमधल्या खोलगट भागापासून टोकापर्यंत साधारण ३.८ सेंटीमीटर. त्याहून तोकडं नाक 'बाळासारखं' म्हणून पुढे काढणं म्हणजे एल्ड्रिज यांनी जे परत मिळवलं ते हातचं घालवणं.

रंगाने फसणं ही चूक अनुभवी जजांकडूनही होते. चार रंग आहेत: पांढऱ्यावर तांबूस ठिगळांचा ब्लेनहाइम, तिरंगी, पूर्ण तांबडा रूबी आणि काळा-तांबूस ब्लॅक अँड टॅन. ब्लेनहाइमच्या कपाळावरून उतरणारा पांढरा पट्टा चेहरा उघडतो, डोळे ठसठशीत दिसतात. रूबीच्या एकरंगी चेहऱ्यात तेच डोळे बुडून जातात आणि डोकं साधं वाटतं. अशा वेळी हातांवर विश्वास ठेवावा. बोटांनी कवटी, नाकाची लांबी, डोळ्यांखालची भर चाचपली की बऱ्याच रूबी शेजारच्या ब्लेनहाइमपेक्षा सरस निघतात. ब्लेनहाइमच्या कानांमधला ठिपका मोलाचा मानला जातो हे खरं, पण त्या ठिपक्यासाठी वाकडे खांदे माफ करायचे नसतात.

एकाच दिवशी अनेक छोट्या जाती तपासणाऱ्या जजला डोक्यातली मापं सतत बदलावी लागतात. कॅव्हेलियरचे वरचे दात खालच्यांवर कात्रीसारखे बसायला हवेत. चपट्या तोंडाचा किंग चार्ल्स स्पॅनियल (ही कॅव्हेलियरपेक्षा वेगळी जात) आणि तिबेटियन स्पॅनियल यांचा खालचा जबडा मात्र जरासा पुढे असणंच योग्य. तिबेटियनची शेपटी पाठीवर वळलेली हवी, पॅपिलॉनची कमानीसारखी वर आलेली. तीच ऐट कॅव्हेलियरने दाखवली तर तो दोष.

आठ महिन्यांच्या पिल्लाला झालर नाही म्हणून मागे टाकू नये. या जातीचे केस पुरते भरायला दोन-तीन वर्षं जातात. पिल्लांच्या वर्गात भरगच्च केस पाहून निकाल देणं म्हणजे लवकर पिकणाऱ्याला बक्षीस देणं.

खाजवणं ही खोड नव्हे

शेवटचा मुद्दा मी दर वेळी नव्या मालकांना बाजूला घेऊन सांगते. दोरी गळ्यात घातली की कुत्रा थांबतो आणि मागच्या पायाने मानेजवळ हवेतच खाजवतो, अंगाला पाय लागतही नाही. लोक म्हणतात, सवय नाही, दोरी टोचतेय, हट्टीपणा करतोय. मग दोरी बदलतात, ओरडतात. कॅव्हेलियरमध्ये हे सिरिंगोमायेलियाचं लक्षण असू शकतं: कवटीचा मागचा भाग मेंदूला अपुरा पडतो, त्यामुळे मणक्यातल्या मज्जारज्जूत द्रवाच्या पोकळ्या तयार होतात. त्या वेदनेला शिस्त हा उपाय नाही. डॉक्टरकडे न्या, गरज पडली तर एमआरआय करा. ब्रिटनमध्ये पशुवैद्यक संघटना आणि केनेल क्लब यांची मिळून या आजारासाठी तपासणी योजना २०१२ पासून आहे.

हृदयाच्या झडपेचा आजार त्याहून जास्त दिसतो, आणि तो इतर जातींपेक्षा कॅव्हेलियरला फार लवकर गाठतो. २०२३ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने या जातीच्या पैदाशीविरुद्ध निकाल दिला तो याच दुखण्यांमुळे. मला या कुत्र्यांचा जीव लागलेला आहे, म्हणून तो निकाल वाचताना त्रास झाला, पण त्यात मांडलेली दुखणी मी डोळ्यांनी पाहिली आहेत. रिंगमध्ये चकाकणारा कुत्रा आतून निरोगी आहे का, ते जजला दोन मिनिटांत कळत नाही. ते मालकाने शोधायचं असतं.

म्हणून शोसाठी पिल्लू घेताना आई-बापाच्या चषकांचे फोटो बाजूला ठेवा आणि कागद मागा. पशुहृदयतज्ज्ञांचा जुना सल्ला असा आहे: आई आणि बाप दोघंही अडीच वर्षांवरचे असावेत, दोघांच्याही हृदयात आवाज नसावा, आणि आजी-आजोबांची हृदयं पाचव्या वर्षीही स्वच्छ असावीत. एमआरआयचा अहवाल विचारा. अचानक कोसळण्याचा आजार आणि कोरडे डोळे-कुरळे केस यांच्यासाठी डीएनए चाचण्या आहेत, त्यांचेही निकाल पाहा. कुणी म्हणालं, "आमची लाइन, म्हणजे वंशावळ, चांगली आहे, इतकी वर्षं जिंकतोय," तर नम्रपणे पुन्हा कागदच मागा, आणि तरी मिळाले नाहीत तर पिल्लू दुसऱ्या पैदास करणाऱ्याकडून घ्या.