शिंजिराच्या मागे धावू नका, हमेलियापाशी बसा

हमिंगबर्डचे फोटो काढायला अमेरिका खंडातच जावं लागतं, दुसरीकडे तो नाहीच. पण तिकडे ज्या झुडपावर तो मध पितो, ते हमेलिया माझ्या जुळे सोलापुरातल्या अंगणात आहे. त्याच्या केशरी, नळीसारख्या फुलांवर इथे जांभळा शिंजीर (सनबर्ड) हा मध पिणारा पक्षी येतो. जेमतेम दहा सेंटिमीटरचा.

सुरुवातीला मी कॅमेरा घेऊन त्याच्या मागे फाटकापासून कडुलिंबापर्यंत फिरायचे. नुसत्या शेपट्या मिळायच्या. मग दोन दिवस कॅमेरा आत ठेवला आणि फक्त बघितलं. तो तासात तीन-चार वेळा येतो आणि बहुधा त्याच दोन फांद्यांवर बसतो. आता मी त्या फांद्यांपासून दहा-बारा फुटांवर खुर्ची टाकते, एका फुलावर आधीच फोकस करून ठेवते.

हमिंगबर्ड हवेत तरंगत पितो. शिंजीर बहुतेक वेळा बसून पितो, त्यामुळे १/१००० सेकंद शटरस्पीड (शटर उघडं राहण्याचा वेळ) पुरतो. क्वचित फुलासमोर फडफडत थांबतो, तेव्हा १/२५०० लागतो. माझी लेन्स ७०-३०० मिमी आहे, ॲपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) ५.६, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो.

खरं काम उजेडाचं. नराची निळी-जांभळी झळाळी पिसांच्या रचनेतून येते. कोन चुकला की तो कोळशासारखा काळा दिसतो. ऊन आपल्या पाठीशी हवं. उन्हाळ्यात साडेआठनंतर आमच्याकडचं ऊन इतकं कडक होतं की मी उठते. विणीचा हंगाम संपला की नराची ही झळाळी जाते, पिवळसर गळ्यावर एक काळी पट्टी उरते. तेही फोटो काढा, मला ते फार आवडतात.

मागे पांढरी भिंत होती, ती फोटोत डोळ्यांना खुपायची. झुडपामागे सहा-सात फुटांवर दोरीवर जुनी गडद हिरवी सोलापुरी चादर टाकली. नक्षी पार विरघळते, केशरी फूल उठून दिसतं. वारा असेल तर खाली चिमटे लावा.

जास्वंदीवर तो फुलाच्या तोंडातून पीत नाही, फुलाच्या बुडाशी भोक पाडतो. म्हणून फुलाच्या समोर नव्हे, बाजूला बसा.

कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेलं, लोंबतं घरटं दिसलं तर कॅमेरा खाली. मादी बिचकून गेली तर अंडी उघडी पडतात. तेवढे दिवस मी मागच्या दाराने जाते-येते.