फ्लॉरेन्समध्ये एकच दिवस : गटाने फिरताना या चुका टाळा

महाराष्ट्रातून निघणाऱ्या युरोपच्या अनेक सहलींत फ्लॉरेन्सच्या वाट्याला एकच दिवस येतो आणि त्यातलाही काही भाग पिसाच्या कलत्या मनोऱ्याला द्यावा लागतो. शहराचा जुना भाग तसा लहान आहे. दुओमो म्हणजे मुख्य कॅथीड्रलपासून अर्नो नदीवरच्या पोन्ते वेक्क्यो पुलापर्यंत रमतगमत चालले तरी फार वेळ लागत नाही. असे असूनही संध्याकाळी बसमध्ये बसताना ‘आत काहीच पाहिले नाही’ ही तक्रार ऐकू येते. दिवसातल्या ज्या एक-दोन वेळा कोणालाच बदलता येत नाहीत, त्या आधी ठरवून बाकीचा कार्यक्रम त्यांच्याभोवती आखला जात नाही, हे त्याचे मुख्य कारण आहे.

पहिली चूक पैसे भरण्यापूर्वीच होते. कार्यक्रमपत्रिकेत ‘पाहणे’ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ बहुधा बाहेरून पाहणे असा असतो. आत प्रवेश अपेक्षित असल्यास तिकीट समाविष्ट आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात घडवलेला डेव्हिडचा पुतळा १८७३ मध्ये अकादेमिया संग्रहालयात हलवण्यात आला. सिन्योरिया चौकात आज उभी आहे ती १९१० साली बसवलेली प्रतिकृती, आणि तिच्यापुढे फोटो काढून मूळ पुतळा पाहिल्याच्या समाधानात परतणारी मंडळी पुष्कळ असतात. प्रतिकृती पाहण्यात काही कमीपणा नाही, पण ती प्रतिकृती आहे हे माहीत असावे.

एकाच संग्रहालयाला वेळ असेल तर गटाने उफ्फीत्सीऐवजी अकादेमिया निवडावे, असे माझे मत आहे. उफ्फीत्सीत बोत्तिचेल्लीची चित्रे आहेत, यात शंका नाही. परंतु ते संग्रहालय नीट पाहायला तीन तास लागतात आणि चाळीस जणांना घेऊन तासाभरात उरकायचे म्हटले तर गर्दीतून वाट काढण्यापलीकडे पदरात काही पडत नाही. अकादेमियात जाताना मोठ्या बॅगा बसमध्येच ठेवाव्यात, कारण तिथे सामान जमा करून घेण्याची सोय नाही.

वाराकडे दुर्लक्ष करणे ही दुसरी मोठी चूक. उफ्फीत्सी आणि अकादेमिया दोन्ही सोमवारी बंद असतात. रविवारी कॅथीड्रल प्रार्थनेसाठी असते आणि पर्यटकांना आत सोडत नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये विनामूल्य असतात, हे ऐकून मुद्दाम तो दिवस निवडणाऱ्यांचा निम्मा दिवस रांगेत जातो. सहलीचा क्रम बदलता येत नसेल आणि फ्लॉरेन्सला सोमवारच येत असेल, तर पालाझ्झो वेक्क्यो हा सिन्योरिया चौकातला जुना वाडा किंवा सांता क्रोचे चर्च हे चांगले पर्याय आहेत. सांता क्रोचेमध्ये मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली यांच्या समाध्या आहेत.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो कॅथीड्रलच्या घुमटावरून. ब्रुनेल्लेस्कीने १४२० मध्ये काम सुरू करून १४३६ मध्ये पूर्ण केलेला हा विटांचा घुमट चढायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि वाट घुमटाच्या आतल्या व बाहेरच्या अशा दोन कवचांमधून अरुंद होत वर जाते. प्रवेशाची वेळ तिकिटावर ठरलेली असते आणि ती चुकली की तिकीट वाया जाते. गटातल्या सर्वांना वर नेण्याचा आग्रह धरला तर गुडघेदुखी, रक्तदाब किंवा बंद जागेची भीती असलेली माणसे भिडेपोटी चढायला लागतात आणि मधूनच मागे फिरणे मागच्या रांगेमुळे अवघड होते. म्हणून गट आदल्या रात्रीच दोन भागांत विभागावा. न चढणाऱ्यांनी त्या वेळात कॅथीड्रलच्या मागच्या बाजूला असलेले ओपेरा देल दुओमो संग्रहालय पाहावे. बाप्तिस्तेरी म्हणजे कॅथीड्रलसमोरच्या बाप्तिस्म्याच्या इमारतीची, शिल्पकार गिबेर्तीने केलेली मूळ सोनेरी दारे तिथे आहेत. बाहेर ज्यांच्यासमोर झुंबड असते त्या प्रतिकृती आहेत. कॅथीड्रलशेजारचा जोत्तोचा घंटामनोरा हा सोपा पर्याय आहे असे समजू नये, कारण त्यालाही ४१४ पायऱ्या आहेत. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असल्याशिवाय कॅथीड्रलमध्ये सोडत नाहीत. उन्हाळ्यात साडी नेसलेल्या आजी बिनदिक्कत आत जातात आणि बर्म्युडातले नातू दाराबाहेर अडकतात, तेव्हा पिशवीत एखादी ओढणी असावी.

बस दारापर्यंत येईल, ही समजूतही सोडून द्यावी. जुन्या शहरात वाहनांना निर्बंध आहेत, त्यामुळे पर्यटक बस ठरलेल्या जागी उतरवते आणि तिथून चालावे लागते. चालकाला साडेचार तासांच्या ड्रायव्हिंगनंतर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, दिवसाचे एकूण ड्रायव्हिंगही सर्वसाधारणपणे नऊ तासांपुरते मर्यादित असते आणि याची नोंद बसमधले यंत्र ठेवते. चार जण खरेदीत रमून उशिरा आले की त्याचा परिणाम रात्रीच्या जेवणापर्यंत पोचतो. अशा वेळी चालकाशी हुज्जत घालून उपयोग नसतो. पियात्साले मायकेलअँजेलो या टेकडीवरच्या चौकात थांबायचे असेल तर सकाळीच जावे. ऊन पाठीमागून येते आणि समोरचे शहर फोटोत स्वच्छ दिसते.

भेटण्याची जागा ठरवताना ‘दुओमोपाशी’ असे मोघम सांगू नये. त्या इमारतीला इतकी दारे आणि बाजू आहेत की दोन गट एकमेकांची वाट पाहत उभे राहू शकतात. सिन्योरिया चौकातले नेपच्यूनचे कारंजे चांगले. पत्ता दिला असेल तर आणखी एक खाच आहे: फ्लॉरेन्समध्ये दुकाने आणि उपाहारगृहे यांचे क्रमांक लाल, तर घरांचे काळे किंवा निळे असतात, आणि या दोन्ही मालिका स्वतंत्रपणे चालतात. त्यामुळे त्याच रस्त्यावर लाल २५ आणि निळा २५ एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर असू शकतात. लिहिताना लाल क्रमांकापुढे ‘आर’ हे अक्षर जोडतात. चुकामूक झालीच तर हरवलेल्या व्यक्तीने शेवटच्या ठिकाणी परतून तिथेच थांबावे आणि शोधायला एकानेच जावे. चौघे चार दिशांना गेले की हरवलेल्यांची संख्या पाच होते.

जेवणाची वेळ टाळू नये. बहुतेक उपाहारगृहांची स्वयंपाकघरे दुपारी अडीच-तीनला बंद होतात आणि सातच्या सुमारास उघडतात. नुसते ‘व्हेज’ म्हटल्याने भागत नाही: रिबोल्लिता हे पाव, घेवडा आणि पालेभाजीचे दाट सूप कधीकधी मांसाच्या रश्शात शिजवतात, आणि पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट म्हणजे दूध साकळवणारे द्रव्य असते. लाम्प्रेदोत्तो नावाचे गरमागरम सँडविच हातगाड्यांवर मिळते, ते गाईच्या जठराचे असते. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ लावलेला दिसला तर ते टेबलावर बसण्याचे नेहमीचे शुल्क आहे, फसवणूक नव्हे. चिवडा-दशम्यांचे डबे चर्चच्या पायऱ्यांवर उघडू नयेत.

कोल्हापूरकरांसाठी एक वेगळी सूचना. छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये ऐन तारुण्यात निवर्तले आणि अर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे १८७४ पासून छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. मोकळ्या अर्ध्या तासात तिथे जाऊन येण्याचा बेत मात्र फसतो, कारण ही जागा काशीने उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला आहे आणि उद्यानाच्या नावाचा ट्राम थांबा शहराकडच्या टोकाला. मधले सगळे अंतर चालावे लागते. दीड-दोन तास राखून ठेवावेत आणि टॅक्सी आधी बोलवावी. रस्त्यात हात दाखवून टॅक्सी थांबण्याची इथे पद्धत नाही. ती थांब्यावर किंवा फोन करून मिळते.

पाकीटमारी रेल्वे स्थानकाजवळ आणि दुओमोच्या रांगेत होते. सह्या मागणारे किंवा जमिनीवर चित्रे पसरून ठेवणारे भेटले तर न थांबता पुढे जावे. नकली ब्रँडेड पर्स विकत घेतल्यास विकत घेणाऱ्यालाही दंड होतो. पासपोर्ट गेलाच तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, मग रोममधील भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. पासपोर्ट आणि व्हिसाची छायाचित्रे स्वतःच्या व सहप्रवाशाच्या अशा दोन्ही फोनमध्ये असली तर पुढची कागदपत्रे लवकर होतात.