जुना डेस्कटॉप लॅपटॉपचा दुसरा मॉनिटर करताय? या चुका टाळा

माझी पहिली चूक केबलची. एचडीएमआय केबलचं एक टोक लॅपटॉपला लावलं, दुसरं जुन्या डेस्कटॉपच्या मागच्या एचडीएमआय पोर्टला, दोन्ही चालू केले आणि वाट बघत बसलो. डेस्कटॉपवर त्याचाच जुना वॉलपेपर, लॅपटॉपवर लॅपटॉपचा. केबल उलटी करून पाहिली (एचडीएमआय केबलला उलटसुलट काही नसतं, पण हताश माणूस काहीही करतो), दुसरी केबल लावून पाहिली, ड्रायव्हर अपडेट केले. दोन संध्याकाळी गेल्या. मग कळलं, की बिघडलेलं काहीच नव्हतं. मी दोन नळ तोंडाला तोंड लावून जोडले होते आणि पाणी आत कधी जाईल म्हणून बघत होतो.

डेस्कटॉपच्या मागचे व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट हे सगळे चित्र बाहेर पाठवायचे पोर्ट आहेत. लॅपटॉपचेही तसेच. चित्र आत घ्यायची सोय त्या सर्किटमध्येच नसते, त्यामुळे कुठलीही सेटिंग किंवा ड्रायव्हर ती आणू शकत नाही.

डबा कशाला चालू करताय?

ज्याला आपण सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो तो डबा आणि समोरची स्क्रीन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तुमचा मॉनिटर वेगळा असेल, तर डब्याचा या कामाशी काही संबंध नाही. मॉनिटरची केबल डब्यातून काढा, लॅपटॉपला लावा, संपलं. तरीही कित्येक जण डब्यात सॉफ्टवेअर टाकत बसतात, कारण डोक्यात ‘जुना कॉम्प्युटर वापरायचाय’ हे पक्कं बसलेलं असतं. नुसतं चित्र दाखवायला डबा दिवसभर घरघरत ठेवणं म्हणजे मॉनिटरपेक्षा जास्त वीज फुकट घालवणं.

डब्याची गरज दोनच वेळा पडते: स्क्रीन आणि कॉम्प्युटर एकाच सांगाड्यात असतील, म्हणजे ऑल-इन-वन असेल तेव्हा, किंवा लॅपटॉपचा व्हिडिओ पोर्टच गेलेला असेल तेव्हा.

चुकीच्या दिशेचा कन्व्हर्टर

जुन्या मॉनिटरला बहुतेक वेळा निळा, १५ पिनांचा व्हीजीए असतो. हा पोर्ट १९८७ सालचा आणि त्यातला सिग्नल अ‍ॅनालॉग. लॅपटॉपचा एचडीएमआय डिजिटल. मध्ये चिप असलेला कन्व्हर्टर लागतोच. दोन टोकांना दोन वेगळे प्लग असलेली नुसती स्वस्त केबल इथे चालत नाही. तुम्हाला हवा तो ‘एचडीएमआय टू व्हीजीए’. ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ दिसायला जुळा भाऊ आहे, पण उलट दिशेचा, आणि दोन्ही दिशांना चालणारा कन्व्हर्टर समजून तो घेणारे खूप असतात. ओळखायची खूण म्हणजे प्लग: लॅपटॉपमध्ये घुसणारं टोक एचडीएमआयचं हवं आणि मॉनिटरच्या केबलसाठी पिनांची भोकं असलेलं निळं तोंड हवं.

चित्र येतं-जातं, मध्येच काळं होतं, अशी तक्रार असेल तर कन्व्हर्टरला वीज अपुरी पडत असण्याची शक्यता मोठी. काहींना बाजूला छोटा यूएसबी पोर्ट दिलेला असतो, तो शोभेसाठी नाही. तिथे चार्जर लावून बघा. व्हीजीएमधून आवाज जात नाही, हेही लक्षात असू द्या. लॅपटॉप मुका झाला असं वाटतं तेव्हा विंडोजने आवाज एचडीएमआयकडे वळवलेला असतो. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून लॅपटॉपचा स्पीकर परत निवडा.

मॉनिटरला डीव्हीआय असेल तर नशीब म्हणा. डीव्हीआयचा डिजिटल सिग्नल आणि एचडीएमआयचा चित्राचा सिग्नल एकाच घराण्यातले, त्यामुळे साधी केबल पुरते. टाइप-सी पोर्टवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सगळ्या टाइप-सी पोर्टांतून चित्र बाहेर येत नाही. त्याला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे टाइप-सीमधूनच चित्र पाठवायची सोय, असावी लागते. लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनमध्ये ते लिहिलेलं असतं.

रंग विचित्र दिसतात म्हणून मॉनिटर भंगारात काढणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण दोष बहुतेक वेळा केबलच्या प्लगमध्ये असतो. व्हीजीएच्या प्लगात पिना तीन ओळींत असतात. एक नंबरची पिन लाल, दोन नंबरची हिरवा, तीन नंबरची निळा रंग नेते. पडदा निळसर-हिरवट झाला तर लाल पोचत नाही, गुलाबी-जांभळा झाला तर हिरवा, आणि सगळं पिवळं दिसलं तर निळा. प्लग काढून उजेडात धरा. वाकलेली पिन लगेच दिसते. बारीक पक्कडीने किंवा रिकाम्या बॉलपेनच्या टोकाने हळूच सरळ करता येते. घाईत ती तुटते, मग केबलच बदलावी लागते.

नववी पिन जागेवर नाही म्हणून घाबरू नका, अनेक केबलींत ती मुळातच नसते. बारावी आणि पंधरावी मात्र महत्त्वाची. मॉनिटर आपली ओळख, म्हणजे कोणती रेझोल्युशन चालतात ही माहिती, त्या दोन पिनांवरून लॅपटॉपला कळवतो. त्या वाकल्या तर विंडोज त्याला ‘जेनेरिक’ मॉनिटर समजतं, १०२४ × ७६८ वर अडून बसतं, आणि आपण उगाच ग्राफिक्स ड्रायव्हरला शिव्या देत राहतो.

‘आउट ऑफ रेंज’ आणि धुरकट अक्षरं

‘नो सिग्नल’ आणि ‘आउट ऑफ रेंज’ यांत फरक आहे. ‘नो सिग्नल’ दिसलं तर मॉनिटरच्या बटणांतून सोर्स बदलून पाहा. डीव्हीआयवर अडकलेला मॉनिटर व्हीजीएकडे ढुंकूनही बघत नाही. ‘आउट ऑफ रेंज’ म्हणजे चित्र पोचतंय, पण पचत नाहीये. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा, ‘डुप्लिकेट’ निवडा, रेझोल्युशन खाली आणा, आणि सेटिंग्जमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ करा. चित्र दिसू लागलं की परत ‘एक्स्टेंड’ करा. ‘डुप्लिकेट’वरच थांबून ‘दुसरा मॉनिटर काय कामाचा’ म्हणणारेही भेटलेत मला.

जुने १७ आणि १९ इंची चौकोनी मॉनिटर बहुधा १२८० × १०२४ चे असतात. त्यांना १९२० × १०८० देऊ नका. एलसीडीला एकच मूळ रेझोल्युशन मानवतं, बाकी सगळ्यांत अक्षरं पसरतात. मूळ रेझोल्युशनवरही अक्षरं थरथरत असतील तर मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबा. फक्त आधी पांढरं डॉक्युमेंट पूर्ण पडदाभर उघडा. काळ्या वॉलपेपरवर दाबलं तर मॉनिटरला चित्राच्या कडा सापडत नाहीत आणि तो चित्र एका बाजूला सरकवून ठेवतो.

ऑल-इन-वन: इथे खरी कसरत

आधी मागे नीट बघा. काही ऑल-इन-वनना ‘एचडीएमआय इन’ असं स्पष्ट लिहिलेला पोर्ट असतो. तो असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

आयमॅकच्या, म्हणजे अ‍ॅपलच्या ऑल-इन-वनच्या बाबतीत लोक अर्धवट माहितीवर केबल आणतात. त्याला मॉनिटर म्हणून वापरू देणारी ‘टार्गेट डिस्प्ले मोड’ नावाची सोय २००९ च्या अखेरच्या आणि २०१० च्या २७ इंची मॉडेलांत मिनी डिस्प्लेपोर्टवरून चालते. २०११ ते २०१४ च्या मध्यापर्यंतच्या मॉडेलांना थंडरबोल्टच लागतो, साधा डिस्प्लेपोर्ट सिग्नल ते घेत नाहीत. २०१४ च्या अखेरीस आलेल्या ५के आयमॅकमध्ये ही सोयच नाही. शिवाय आयमॅकवर हाय सिएरा किंवा त्याआधीची सिस्टीम असावी लागते. म्हणजे ‘जुना झालाय, निदान अपडेट तरी करू’ म्हणून पुढची सिस्टीम टाकलीत, की मॉनिटर म्हणून तो हातचा गेला.

विंडोज १० च्या ऑल-इन-वनवर सेटिंग्ज, सिस्टीम, ‘प्रोजेक्टिंग टू धिस पीसी’ इथे जा. तिथे सगळं राखाडी दिसलं तर दोनच शक्यता. एक, ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘वायरलेस डिस्प्ले’ टाकलेलं नाही. २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून ते वेगळं टाकावं लागतं. दोन, वाय-फाय कार्ड मिराकास्टला (वाय-फायवरून चित्र पाठवायच्या पद्धतीला) साथ देत नाही, आणि जुन्या यंत्रांत हेच जास्त. स्टार्टमध्ये डी-एक्स-डी-आय-ए-जी ही सहा अक्षरं टाइप करून उघडणाऱ्या साधनातून माहिती सेव्ह करा. त्या फाइलमध्ये मिराकास्टची ओळ असते. ती ‘अव्हेलेबल’ म्हणत असेल तर लॅपटॉपवर विंडोज आणि के दाबून जोडता येतं. नसेल तर हट्ट सोडा.

मग उरतात नेटवर्कवरून लॅपटॉपचं चित्र जुन्या यंत्रावर दाखवणारी स्पेसडेस्कसारखी सॉफ्टवेअर. इथली ठरलेली चूक म्हणजे उलटी स्थापना. ड्रायव्हर लॅपटॉपवर टाकायचा, ‘व्ह्यूअर’ जुन्या यंत्रावर. दोन्ही एकाच नेटवर्कवर असूनही एकमेकांना दिसत नसतील तर लॅपटॉपचं नेटवर्क ‘पब्लिक’ आहे का ते बघा, ते ‘प्रायव्हेट’ करा आणि फायरवॉलमध्ये परवानगी द्या. राउटरच्या ‘गेस्ट’ वाय-फायवर तर जोडणी होण्याची आशाच धरू नका; गेस्ट नेटवर्कवरची यंत्रं सहसा मुद्दामच एकमेकांपासून लपवलेली असतात. माउस अडखळत असेल तर निदान जुनं यंत्र तरी लॅन केबलने राउटरला जोडा. मोठा फरक पडतो. तरीही यावर व्हिडिओ एडिटिंग करायचं स्वप्न पाहू नका. मेल, चॅट, पीडीएफ यांच्यापुरतं ठीक.

ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीच टाकायची मुभा नसेल तर यूएसबीचं एचडीएमआय कॅप्चर कार्ड हा मला सगळ्यात सरळ मार्ग वाटतो. ते जुन्या यंत्रात खोचायचं, लॅपटॉपची एचडीएमआय केबल त्यात लावायची, आणि जुन्या यंत्रावर ओबीएस किंवा व्हीएलसीमध्ये तो ‘कॅमेरा’ उघडायचा. लॅपटॉपला वाटतं, खराच मॉनिटर लागला. चित्र किंचित उशिरा येतं, हे गृहीत धरा.

पॅनेल काढून त्याला वेगळा कंट्रोलर बोर्ड लावण्याचे व्हिडिओ बघून हात शिवशिवत असतील, तर एवढं जाणून घ्या: जुन्या पॅनेलांच्या बॅकलाइटमध्ये नळ्या असतात आणि त्यांच्या इन्व्हर्टरमध्ये शेकडो व्होल्ट. जाड काचेचा सीआरटी तर उघडूच नका. प्लग काढल्यावरही त्यात धोक्याचा विद्युतभार राहतो.

माउस वाटणं म्हणजे स्क्रीन वाटणं नव्हे

मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉयज या साधनसंचातलं ‘माउस विदाउट बॉर्डर्स’ टाकून ‘लॅपटॉपची विंडो डेस्कटॉपवर सरकत नाही’ अशी तक्रार करणारे बरेच आहेत. ती सरकणारच नाही. ते फक्त कीबोर्ड-माउस वाटतं. यंत्रं दोन ती दोनच राहतात. पण खरं सांगायचं, तर माझ्याकडे शेवटी तेच टिकलं. जुन्या यंत्रावर ब्राउझर आणि संदर्भाच्या फाइली उघड्या ठेवतो, कर्सर कडेवरून पलीकडे जातो, इथे कॉपी केलेला मजकूर तिथे पेस्ट होतो. लॅपटॉपवर भार शून्य. एकच पथ्य: विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला. तेव्हा त्या ब्राउझरमध्ये बँकेचं लॉगिन करू नका. मी तिथे पासवर्ड सेव्ह करायचा पर्यायच बंद करून टाकलाय.