धार्मिक साखळी-मेल आणि मैत्री: या चुका टाळा

‘हा मेल दहा जणांना पाठवा, चार दिवसांत आनंदाची बातमी येईल. देवाची लाज वाटत असेल तर खुशाल डिलीट करा.’ असा मेल अनोळखी पत्त्यावरून आला की आपण तो उडवून मोकळे होतो. तोच जिवाभावाच्या मैत्रिणीकडून आला की बोट डिलीटवर अडखळतं. मेल आणि मैत्रीण ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. मेलचा बंदोबस्त सेटिंगमध्ये करायचा आणि मैत्रिणीशी बोलायचं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: मेलला घाबरतात आणि मैत्रिणीला ब्लॉक करतात.

‘एकदाचा पाठवून टाकू’

सर्वाधिक होणारी चूक हीच. असा मेल नीट वाचला तर त्यात चार तुकडे दिसतात: आमिष, धमकी, मुदत आणि परीक्षा. अपराधी वाटायला लावतो तो चौथा तुकडा, ‘खरी श्रद्धा असलेलेच पुढे पाठवतील’. श्रद्धा असणं आणि फॉरवर्ड दाबणं ही एकच गोष्ट आहे असं तो परस्पर ठरवून टाकतो. हे जोडणं कुठल्या धर्माने केलेलं नाही, साखळी पुढे सरकावी म्हणून मजकूर लिहिणाऱ्याने केलेलं आहे.

साचाही जुनाच. १९३५ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात ‘यादीतल्या पहिल्या नावाला एक डाइम (दहा सेंटचं नाणं) पाठवा, पत्राच्या प्रती पुढे धाडा’ अशा पत्रांची लाट आली आणि तिथल्या टपाल कचेरीला ती पत्रं आवरेनाशी झाली. हिशेब तेव्हाही जुळणारा नव्हता. प्रत्येकाने दहा नव्या माणसांना पाठवायचं म्हटलं तर दहाव्या फेरीत १,००० कोटी माणसं लागतात, आणि जगाची लोकसंख्या आहे साधारण ८०० कोटी. म्हणजे साखळी कुणीतरी तोडणारच, नव्हे, बहुतेक जण तोडतातच.

‘एकाने दुर्लक्ष केलं आणि त्याची नोकरी गेली’ हे अशा मेलमधलं उदाहरण खरं असलं तरी काही सिद्ध करत नाही. मेल लाखो लोकांकडे गेला की पुढच्या चार दिवसांत कुणाची तरी नोकरी जाणार आणि कुणाला तरी मिळणार. मजकुरात शिरतात ते फक्त जुळलेले किस्से. मेल किती जणांना पाठवला हे मोजायची सोयही साध्या ईमेलमध्ये नाही. बाहेरून लोड होणारं चित्र असेल तर मेल उघडल्याचं त्या चित्राच्या मालकाला कळू शकतं, एवढंच. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस’ निवडलं की तेही थांबतं.

फॉरवर्ड केल्यावर खरोखर काय घडतं ते खाली सरकवून पाहा. ‘फॉरवर्डेड मेसेज’ या ओळीखाली आधीच्या पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि ‘टू’, ‘सीसी’मधले सगळे पत्ते जसेच्या तसे असतात. तीन-चार हात फिरलेल्या मेलमध्ये अनोळखी लोकांच्या पत्त्यांची रांगच लागते, त्यात आता तुमचाही. मजकुरातली प्रार्थना मनापासून आवडली असेल तर तेवढीच कॉपी करून नव्या मेलमध्ये घ्या, ‘पुढे पाठवा नाहीतर’ची ओळ काढा आणि पत्ते ‘बीसीसी’त टाका, म्हणजे ते एकमेकांना दिसणार नाहीत.

डिलीट करूनही मनात खुटखुट राहिली तर ज्यांची काळजी वाटते त्यांच्यासाठी दोन मिनिटं आपल्या पद्धतीने प्रार्थना करा आणि विषय संपवा. मात्र दर मेलनंतर दिवसचे दिवस भीती जात नसेल, ‘माझ्यामुळे काही वाईट होईल’ हा विचार सुटत नसेल, तर समुपदेशकाशी बोला. ते दुखणं मेलपुरतं नसतं.

‘रिप्लाय ऑल’ करून खोटेपणा उघड करणं

चारचौघांत पाणउतारा झालेला माणूस मुद्दा ऐकत नाही. शिवाय मग यादीतले दहा जण ‘मलाही वगळा’ म्हणून सगळ्यांनाच उत्तरं पाठवतात, ती वेगळीच.

देवावर वाद, किंवा हात जोडलेला इमोजी

पाठवणाऱ्याच्या मनात काळजी असते. तुम्ही श्रद्धेवर बोललात की तिला तो हल्ला वाटतो आणि फॉरवर्डचा मुद्दा बाजूला राहतो. दुसरं टोक म्हणजे ‘छान’ लिहून किंवा इमोजी टाकून सुटका करून घेणं. ती पोचपावती समजली जाते आणि पुढचा मेल लवकर येतो. ‘सध्या वेळ नसतो गं’ ही सबबही कुचकामी, कारण वेळ मिळाला की वाचशील असा तिचा अर्थ होतो.

मेल आला त्याच दिवशी, रागात लिहू नका. त्या मेलखाली उत्तर न देता वेगळा मेल लिहा किंवा फोन करा, आणि मागणी एकच ठेवा:

‘तू आठवणीने पाठवतेस ते कळतं. पण “पुढे पाठवा नाहीतर” असं लिहिलेले मेल आले की मला उगाच दडपण येतं, आणि मी ते कुणालाच पाठवत नाही. तेवढे मला नको पाठवूस. तुझी खुशाली मात्र कळवत राहा.’

वडीलधाऱ्यांना हेच ‘तुम्ही’ म्हणून, शक्यतो फोनवर. लेखी नकार त्यांना जास्त लागतो. महिन्याभरात पुन्हा मेल आला तर हेच एकदा आठवण म्हणून सांगा. तिसऱ्यांदा बोलण्यात अर्थ नाही, तिथून पुढे फिल्टर, म्हणजे तसे मेल आपोआप बाजूला काढणारी सेटिंग.

‘स्पॅम’ दाबणं

जीमेलमध्ये एखाद्याचा मेल स्पॅम ठरवला की त्याच पत्त्यावरचे पुढचे मेलही स्पॅममध्ये जाऊ शकतात आणि तिथले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात. मैत्रीण आजारी असल्याचा मेलही त्यातच जाईल. फिल्टर कंप्युटरवर असा लावा:

१. तिचा साखळी-मेल उघडा, वरच्या तीन टिंबांतून ‘फिल्टर मेसेजेस लाइक धिस’ निवडा. ‘फ्रॉम’मध्ये तिचा पत्ता आपोआप येतो.
२. इथेच थांबू नका, नाहीतर तिचे सगळेच मेल अडकतील. ‘सब्जेक्ट’मध्ये फॉरवर्डची खूण टाका. जीमेल विषयाआधी एफ-डब्ल्यू-डी लावतं, आउटलुक एफ-डब्ल्यू. रोमन लिपीत दोन्ही लिहा, मध्ये मोठ्या अक्षरांत ओ-आर.
३. ‘क्रिएट फिल्टर’ दाबून ‘स्किप द इनबॉक्स’ आणि ‘अप्लाय द लेबल’ या दोन्हींवर खूण करा. ‘डिलीट इट’ नको.

‘पुढे पाठवा’ अशा शब्दांवर फिल्टर लावायचा मोह होतो, पण मजकूर चित्रात असला की तो बहुधा निसटतो. विषयाची खूण जास्त भरवशाची. ते लेबल आठवड्यातून एकदा चाळा, कारण कामाचे फॉरवर्डही त्यात जातात.

सगळे मेल एकाच मापाने मोजणं

‘उद्या बाबांचं ऑपरेशन आहे, प्रार्थना कर’ हा साखळी-मेल नव्हे. त्यात माणसाचं नाव असतं, धमकी नसते. त्याला उत्तर द्या, तेही लगेच. याउलट देवाच्या नावाने पैसे, लिंक किंवा फाइल उघडायला सांगणारा मेल मैत्रिणीच्या पत्त्यावरून आला तर काहीही न दाबता आधी तिला फोन करा. तिने पाठवलाच नसेल तर तिचं खातं दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेलं असू शकतं. तिला लगेच पासवर्ड बदलायला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डशिवाय दुसरी खात्रीही मागणारी सोय) सुरू करायला आणि आपल्या नकळत कुणी ऑटो-फॉरवर्डिंग (आलेले मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) लावून ठेवलंय का हे सेटिंगमध्ये तपासायला सांगा.