वाळल्या कापसाची कपात

आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यासाठी, मी काटापावतीचा (वजनाच्या पावतीचा) प्रोग्राम लिहिला होता. दिवाळीनंतर एक काका पावती घेऊन आले, "भाऊ, माह्या वाळल्या कापसाची कपात काऊन?" कपात करायची ती ओल्या कापसाच्या वजनात; इथं ओलावा ७ टक्के, म्हणजे कापूस कोरडा, तरी वजन कापलेलं. त्यांच्या घामाचे पैसे होते ते. रात्री झोप लागली नाही.

कोड तीनदा वाचला, चूक सापडेना. मग वहीत फ्लो ग्राफ, म्हणजे प्रोग्राम कुठून कुठे जातो त्याचा नकाशा, काढला: कोडाचा प्रत्येक सरळ तुकडा म्हणजे एक गोल, उडी म्हणजे बाण. गोल ११, बाण १५. संगणकतज्ज्ञ थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडलेलं सूत्र लावलं, बाण वजा गोल अधिक २. म्हणजे कोडातून जायच्या स्वतंत्र वाटा ६. मी तपासल्या होत्या चारच!

उरलेल्या दोन वाटा बोटानं गिरवल्या. 'पुढची गाडी' वरून परत येणारा बाण 'कपात = ०' या गोलाच्या खाली शिरत होता. आधीच्या ओल्या गाडीची कपात तशीच राहायची आणि कापूस कोरडा असला की तिला कुणी हातच लावत नसे. कोडात हे चाळीस ओळींच्या अंतरावर होतं, कागदावर वीतभर.

'कपात = ०' ही एक ओळ लूपच्या, म्हणजे दर गाडीला पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, आत घेतली. सहाही वाटा चालवून पाहिल्या, मग जुन्या पावत्या काढून फरक मालकाकडून परत करवला. काकांची पावती पहिली.